‘साठ एचपीचा पंप’ मागू नका, पाणी मागा: सरकारी खरेदीत वीज, आयुष्य आणि नवी कल्पना कशी बसवायची

नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात रुजू झालो त्या वर्षीची गोष्ट. जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) नवा पंप बसून महिना झाला होता आणि डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह कधीही पाहावा तर अर्धाच उघडा. व्हॉल्व्हमनला विचारलं तर म्हणाला, “साहेब, पूर्ण सोडला की मोटर ट्रिप होते.” इतक्या सहजपणे सांगितलं, की जणू सगळीकडे असंच असतं. आणि बऱ्याच ठिकाणी असतंही.

फाइल काढली. मागणीपत्रात एकच ओळ: “६० एचपी सेंट्रिफ्युगल पंपसेट, १ नग.” ती ओळ आधीच्या खरेदीतून उतरवलेली, आणि आधीची मूळ योजनेच्या अंदाजपत्रकातून. अंदाजपत्रकात हेड (पाणी किती उंच ढकलायचं ते, पाइपातलं घर्षण धरून) ६२ मीटर धरलं होतं. सर्वेक्षण करणाऱ्याने थोडं वाढवलं, संकल्पचित्र करणाऱ्याने थोडं वाढवलं, तांत्रिक मान्यता देणाऱ्यानेही “असू द्या” म्हणून थोडं वाढवलं. प्रत्यक्षात गेज लावून मोजलं तर ४५ मीटर. जास्त हेडचा पंप कमी हेडवर चालवला की तो जास्त पाणी फेकतो, जास्त अँपिअर ओढतो आणि मोटर ट्रिप होते. म्हणून अर्धा व्हॉल्व्ह. म्हणजे आधी वीज खर्चून दाब तयार करायचा आणि मग तो व्हॉल्व्हमध्ये मारायचा, रोज सोळा तास. खरेदीत कुणी पैसे खाल्ले नव्हते. निविदा नियमानुसार, एल-वनला, म्हणजे सर्वात कमी दराच्या बोलीला काम, लेखापरीक्षणात एकही आक्षेप नाही.

शाश्वत खरेदी म्हटलं की लोकांना कागदी पिशव्या आणि सौर दिवे आठवतात. माझ्या अनुभवात तिची सुरुवात मागणीपत्राच्या त्या एका ओळीत होते. एचपी हा पंप किती काम देतो याचा आकडा नाही, किती वीज खाऊ शकतो याचा आहे. आपण सेवा मागायच्या जागी खर्च मागतो आणि तो इमानेइतबारे मिळतो. म्हणून हा लेख त्या पंपाच्या अंगानेच लिहितो. नगरपरिषद, जिल्हा परिषद, शासकीय रुग्णालय, कुठल्याही खरेदीत हीच रीत थोड्या फरकाने चालते.

आधी मोजा, मग मागणीपत्र

निविदा लिपिकाला “मागची फाइल काढ” म्हणण्याआधी दोन दिवस पंपहाऊसवर घालवा. सक्शन आणि डिलिव्हरीला चालू स्थितीतले प्रेशर गेज, पाइपला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर आणि विजेचं मीटर, एवढं पुरतं. फ्लोमीटर नसेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा ऊर्जा लेखापरीक्षकाकडे भाड्याने मिळतो. तेही जमत नसेल तर टाकीचा आउटलेट बंद करून तासाभरात पातळी किती चढते ते टेपने मोजा. जुनी पद्धत आहे, पण खोटं बोलत नाही.

यातून एक आकडा काढायचा: हजार लिटर पाणी चढवायला किती युनिट. हा आकडा पुढे वर्णनात, तुलनेत आणि देयकात, तिन्ही ठिकाणी लागणार आहे. तो हाताशी नसेल तर पुढची सगळी मेहनत हवेत.

मोजताना रात्रीचा प्रवाहही बघा. पहाटे दोन ते चार या वेळात गावात कुणी पाणी भरत नाही. तरीही वितरण टाकीतून पाणी जात असेल तर ते गळतीत जातंय. गळती आधी काढली तर पंप लहान घ्यावा लागतो, हे साधं गणित. पण गळतीचं काम देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षात आणि पंपाचं भांडवली शीर्षात असल्याने दोन फाइली एकमेकींना कधी भेटत नाहीत. त्यांची भेट घालून देणं हे खरेदी अधिकाऱ्याचं काम आहे, वित्त विभागाचं नाही.

आमच्या त्या पंपाचं काय झालं? नवा घेतलाच नाही. कंपनीकडून त्या मॉडेलचे वक्र (किती हेडला किती पाणी, याचे आलेख) मागवले आणि इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चक्र, लेथवर कमी करून घेतला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, अँपिअर खाली आले.

वर्णन असं लिहा की चांगला पुरवठादार बाहेर पडणार नाही

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला १४४ वा नियम सांगतो की वर्णन वस्तुनिष्ठ, कार्याधारित आणि मोजता येण्यासारखं असावं आणि त्यात विशिष्ट ब्रँडची अट नसावी. राज्यात आपल्या फाइलला उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदी कार्यपद्धतीचा शासन निर्णय आणि त्यानंतरच्या सुधारणा लागू होतात. टिप्पणीत आधी त्याचा आधार घ्या, केंद्राचा नियम जोडीला द्या. उलट केलंत तर लेखाधिकारी पहिल्याच पानावर पेन्सिल मारतो.

“६० एचपी पंप” ऐवजी ओळ अशी हवी: “४५ मीटर एकूण हेडवर ताशी २०० घनमीटर स्वच्छ पाणी देणारा पंपसेट, या कार्यबिंदूवर पंप आणि मोटर मिळून हजार लिटरमागे विजेचा वापर ०.१९ युनिटपेक्षा जास्त नसावा. प्रत्यक्ष हमी आकडा निविदाकाराने भरावा.” पाण्याचा गढूळपणा, व्होल्टेजचा चढउतार, जागेची लांबीरुंदी आणि पायाच्या बोल्टचं अंतरही द्या. हे छोटे तपशील दिले नाहीत की पुरवठादार धोक्याचे पैसे दरात घालतो.

जुन्या ओळीने नकळत काय व्हायचं बघा. २०० घनमीटर आणि ४५ मीटरला ८० टक्के कार्यक्षमतेचा पंप साडेतीस किलोवॉटच्या आसपास शाफ्टवर मागतो. त्याला ३७ किलोवॉटची, म्हणजे ५० एचपीची मोटर पुरते. ७० टक्क्यांच्या पंपाला ३५ किलोवॉट लागतात, म्हणून सुरक्षित अंतर ठेवून ४५ किलोवॉटची, म्हणजे ६० एचपीची मोटर. आता मागणीपत्रात “६० एचपी” लिहिलं असेल तर चांगला पंप देणारा तांत्रिक लिफाफ्यातच अपात्र! आणि आपण वर म्हणायचं की बाजारात चांगला माल येत नाही.

एल-वन सोडायचा नाही, त्याची व्याख्या नीट करायची

समजा दोन निविदा आल्या. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण गणित खरं आहे.

पहिला पंपसेट ४ लाख २० हजारांचा. पंप ७० टक्के, आयई-२ वर्गाची ४५ किलोवॉटची मोटर ९३.१ टक्के (आयई हा मोटरच्या कार्यक्षमतेचा वर्ग, आकडा मोठा तितकी मोटर चांगली). विजेची ओढ साधारण ३७.६ किलोवॉट. दुसरा ६ लाखांचा. पंप ८० टक्के, आयई-४ वर्गाची ३७ किलोवॉटची मोटर ९५.२ टक्के. ओढ ३२.२ किलोवॉट. दर लिफाफा उघडला की पहिला एल-वन, दुसरा जवळजवळ ४३ टक्के महाग. सभागृहात कोण दुसऱ्याचं नाव घेणार?

आता रोज १६ तास धरा, वर्षाचे ५,८४० तास. पहिला सुमारे २ लाख १९ हजार ६०० युनिट खातो, दुसरा १ लाख ८८ हजार. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला अडीच लाखांचा फरक. जास्तीचे १ लाख ८० हजार नऊ महिन्यांच्या आत वसूल. दहा वर्षांची वीज ८ टक्के वटावाने आजच्या किमतीत आणली (गुणक ६.७१), तर पहिल्याचा एकूण खर्च सुमारे १२२ लाख, दुसऱ्याचा १०७ लाख. खरेदीची किंमत या सगळ्यात साडेतीन ते साडेपाच टक्के! आपण महिनोन्महिने ज्या आकड्यावर वाद घालतो तो हा, आणि उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांसाठी निविदेत रकानाही नसतो.

“पण लेखापरीक्षक विचारेल, एल-वनला का डावललं?” हा प्रश्न मला प्रत्येक प्रशिक्षणात येतो. डावलायचं नाहीच. वीज कंपन्या ट्रान्सफॉर्मर घेताना वर्षानुवर्षं तोट्याचं भांडवलीकरण करतात: रिकाम्या आणि भरल्या अवस्थेतल्या वीजहानीला किलोवॉटमागे दर लावून ती रक्कम बोलीच्या किमतीत मिळवायची आणि जी बेरीज सर्वात कमी ती बोली पहिली. हेच पंपाला लावायचं. एल-वन हा “मूल्यमापित किमतीचा एल-वन” होतो, एवढंच. युरोपीय संघाने २०१४ च्या खरेदी निर्देशात आयुर्मान खर्चावर तुलना करायची मुभा अशीच कलमात लिहून दिली आहे.

अट एकच, पण कडक: सूत्र निविदेतच छापलेलं हवं. तास, विजेचा दर, वर्षं, वटावाचा दर, सगळं आधी. लिफाफे उघडल्यावर सुचलेलं सूत्र कितीही शास्त्रीय असो, तो घोटाळाच दिसतो. विजेचा दर तुमच्या मागच्या बारा बिलांच्या सरासरीतून घ्या आणि ती बिलं फाइलला लावा. तास लॉगबुकातून. ई-निविदा पोर्टलच्या बीओक्यू तक्त्यात (दर भरायच्या तक्त्यात) हे सूत्र बसतं का ते प्रसिद्धीच्या आधी तपासा. बसत नसेल तर तुलनात्मक तक्ता वेगळा केला जाईल हे निविदेत स्पष्ट लिहा.

गुणांकनाबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये गुणवत्ता-नि-किंमत पद्धत काही अटींवर कामं आणि सल्लागारेतर सेवांनाही खुली केली आणि गुणवत्तेचा भार ३० टक्क्यांवर जाऊ नये अशी मर्यादा घातली. सेवांना, देखभालीच्या कंत्राटांना ती ठीक. पण जी गोष्ट रुपयांत मोजता येते तिला गुण देऊ नयेत. “पर्यावरणपूरकता: १० पैकी ७” असं लिहिलं की आठवा गुण का नाही याचं उत्तर कुणाकडे नसतं आणि फाइल न्यायालयात जाते.

पंखे, एसी, फ्रीज अशा वस्तूंना एवढं गणित नको. तिथे बीईईच्या, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांची किमान अट पुरते. सामान्य वित्तीय नियमांत अधिसूचित विद्युत उपकरणांसाठी ती आहेच. जेमवर (केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवर) वस्तूंच्या बोलीत तुलना किमतीवर होते, म्हणून कार्यक्षमता किमान अट म्हणूनच घाला.

उत्तर माहीत नसेल तेव्हा

पंपाचं उत्तर माहीत होतं, फक्त नीट मागायचं होतं. गळती कुठे आहे हे शोधायचं असेल तर तसं नसतं. आवाजाचे सेन्सर, दाबाची नोंद, उपग्रहचित्रं, पाइपात सोडायचे कॅमेरे, प्रत्येक विक्रेता आपलंच घोडं पुढे दामटतो. अशा वेळी वस्तूचं वर्णन लिहायला बसलात तर ते कुणाच्या तरी माहितीपत्रकातून उतरवलेलं असणार.

त्याऐवजी अडचण लिहा. “जुन्या गावठाणात १४ किलोमीटर बिडाची पाइपलाइन, नकाशा अपुरा, पहाटे दोनला ताशी ३० घनमीटर पाणी जातं. सहा महिन्यांत ते १५ वर आणायचं आहे.” हे एक पान स्वारस्य अभिव्यक्ती (कुणाला हे काम करायची इच्छा आहे, अशी विचारणा) म्हणून प्रसिद्ध करा. आलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच दालनात ऐका आणि इतिवृत्त संकेतस्थळावर टाका. केबिनमध्ये एकेकट्याला भेटलात तर हेतू कितीही स्वच्छ असो, संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा होते.

मग छोटा प्रयोग. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहातून निवडलेल्या उपक्रमांना शासकीय विभागात प्रयोग करायला १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत २०१८ मध्ये सुरू झाली. तुमची अडचण अशा ठिकाणी पाठवता येते. स्वतः निविदा काढत असाल तर केंद्राच्या नियमांत नोंदणीकृत स्टार्टअपला पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटीतून सवलत देण्याची तरतूद आहे, गुणवत्तेत मात्र सूट नाही. “मागील तीन वर्षांत अशीच पाच कामं” ही अट नव्या कल्पनेच्या निविदेत घालणं म्हणजे अनुभव नसलेल्या मुलीला पोहायला शिकल्याशिवाय पाण्यात उतरू नको म्हणण्यासारखं.

प्रयोग यशस्वी झाला की खरा सापळा. पुढची मोठी निविदा त्याच कंपनीच्या सेन्सरचं वर्णन उतरवून काढली जाते, तक्रार होते, सगळं रद्द. पुढच्या निविदेत सेन्सरचा उल्लेखच करू नका. प्रयोगात मिळालेला निकाल किमान अट म्हणून घाला: इतक्या दिवसांत इतकी गळती. आणि प्रयोगाच्या कराराच्या पहिल्याच मसुद्यात एक वाक्य घालून ठेवा की मोजणीची सगळी माहिती नगरपरिषदेची आहे आणि ती उघड्या स्वरूपात परत मिळेल. हे नंतर घालता येत नाही.

पैसे कशाचे द्यायचे, यातही कल्पकता असते. केंद्राच्या सीईएसएल या कंपनीने २०२२ मध्ये कोलकाता, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० ई-बसची एकत्रित निविदा काढली. तीत बसची किंमत विचारलीच नव्हती, किलोमीटरचा दर विचारला होता. बॅटरी किती टिकेल याची काळजी मग बस चालवणाऱ्या कंपनीने करायची. त्याआधी एलईडी दिव्यांचं झालं. २०१४ च्या सुरुवातीला ईईएसएल या केंद्राच्याच ऊर्जाबचत कंपनीने ३१० रुपयांना घेतलेला दिवा २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. देशभराची मागणी एकत्र केली आणि खरेदी टप्प्याटप्प्याने केली, हे त्यातलं मोठं कारण. एकट्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेला ही ताकद नाही. पण जिल्ह्यातल्या आठ-दहा मिळून एक दरकरार करू शकतात. जिल्हा प्रशासन अधिकाऱ्यांशी बोला.

बचतीवर पैसे देण्याचा करार आला तर आधारभूत आकडा स्वतः मोजा. पथदिव्यांच्या अशा करारांत जुन्या खांबांवरचे बंद दिवेही “वीज खात होते” असं धरून बचत दाखवता येते. खांबावर चढून मोजल्याशिवाय सही नको.

आणि नवं म्हणून सगळंच घेऊ नका. ठरावीक उंचीच्या टाकीत ठरावीक प्रवाहाने पाणी चढवायचं असेल तर व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेने) फारसं काही वाचत नाही. तरीही मोबाइलवर आलेख दाखवणारं पॅनेल पाहून पदाधिकारी खूश होतात.

कागद

“ग्रीन”, “इको” हे शब्द वर्णनातून काढून टाका. त्यांना मोजमाप नाही. चाचणी अहवाल एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा असेल तर त्यावर यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक असतो. मॉडेल क्रमांक आणि तारीख निविदेतल्या मालाशी जुळते का ते बघा. मी पाहिलेल्या अहवालांत सगळ्यात नेहमीची चूक हीच: अहवाल खरा, मॉडेल दुसरंच. आयएसआय चिन्हाचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर दोन मिनिटांत तपासता येतो.

बांधकामात पुनर्वापर केलेली खडी नाकारायची सवय आहे, “स्टँडर्डमध्ये नाही” म्हणून. खडीच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ती मर्यादेसह आहे. पादचारी मार्ग, लीन काँक्रीट इथून सुरुवात करा.

देयकात दात हवेत

समजा दुसऱ्या निविदाकाराने हजार लिटरला ०.१६१ युनिटची हमी देऊन काम मिळवलं आणि जागेवर ०.१७० भरलं. साडेपाच टक्क्यांचा फरक, क्षुल्लक वाटतो. वर्षाला ११ लाख ६८ हजार घनमीटर पाणी चढवताना ते साडेदहा हजार युनिट होतात, म्हणजे ८४ हजार रुपये. दहा वर्षांचे आजच्या किमतीत साडेपाच लाखांच्या वर. जवळजवळ पंपाएवढी रक्कम. आणि आपल्या नेहमीच्या करारात दंडाची कमाल मर्यादा असते कंत्राटाच्या १० टक्के, म्हणजे ६० हजार. खोटी हमी देणं परवडतं!

म्हणून तुलनेला जो दर लावला तोच दर कपातीला लावा आणि वर नाकारण्याची रेघ आखा: हमीपेक्षा अमुक टक्के जास्त वीज लागली तर पंप स्वखर्चाने बदलून द्यावा. मोजणीतली चूक धरून दोन-तीन टक्क्यांची सूट ठेवा, नाहीतर चांगले लोक येणारच नाहीत. कारखान्यात आयएसओ ९९०६ या पंपचाचणीच्या मानकानुसार चाचणी आपल्या अभियंत्यासमोर, मग जागेवर पुन्हा. शेवटची रक्कम जागेवरच्या चाचणीनंतरच सोडा, सुरक्षा ठेव हमीच्या मुदतीनंतर.

दुसरी बाजूही पाळा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देयकं ४५ दिवसांच्या आत द्यावीत असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. आपण आठ महिने देयक रखडवतो, मग पुढच्या निविदेत ते व्याज दरात येतं आणि आपण म्हणतो बाजार महागला.

जुन्या पंपाची आणि पॅनेलची विल्हेवाट त्याच आदेशात लिहा, नाहीतर ते पंपहाऊसच्या मागे गवतात वर्षानुवर्षं पडून राहतात. इलेक्ट्रॉनिक भाग अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच.

वेळ

हे सगळं फेब्रुवारीत सुरू करता येत नाही. मार्चएंडला निधी परत जाईल या धाकाने घेतलेली वस्तू जुन्याच ओळीने घेतली जाते, कारण तीच ओळ तयार असते. पावसाळ्यात मोजणी, दिवाळीआधी स्वारस्य अभिव्यक्ती, निविदापूर्व बैठक आणि शुद्धिपत्रकाला पुरेसे दिवस सोडून डिसेंबरात निविदा. पहिल्या वर्षी एकाच वस्तूवर करा, जिचं वीजबिल सगळ्यात मोठं आहे तिच्यावर.

आणि पंप बसल्यावर लॉगबुकात अँपिअरच्या शेजारी फ्लोमीटरचा रकाना काढून द्या. महिन्यातून एकदा तो रकाना स्वतः वाचा. आमच्याकडे एकदा सलग एकोणीस दिवस १९८, १९८, १९८ असाच आकडा होता, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेला. मीटर बंद पडून तीन आठवडे झाले होते.